फुलाचा काळा डोळा: हिवाळी स्ट्रॉबेरी, छपराचा कागद आणि रात्रीचा पडदा

स्ट्रॉबेरीच्या फुलाला कधी कधी काळा डोळा पडतो. पाकळ्या पांढऱ्याशुभ्र, देठ ताठ, लांबून सगळं आलबेल. वाकून पाहिलं की मधली पिवळी गादी काळवंडलेली दिसते. त्या फुलाचं फळ होत नाही; रात्रीच्या थंडीत ते आतून मेलेलं असतं. घोळ असा, की हरितगृहात टांगलेला तापमापक रात्रभर १ अंशाच्या खाली उतरलेलाच नसतो. उमललेलं फूल मरायला साधारण उणे १ अंश सेल्सिअस लागतं. मग १ अंशाच्या हवेत फूल गोठलं कसं?

तापमापक खोटं बोलत नाही. तो हवेचं तापमान सांगतो, तेही बहुतेकदा माणसाच्या डोक्याच्या उंचीवरच्या हवेचं. फूल खाली असतं, आणि त्याचं स्वतःचं तापमान भोवतीच्या हवेपेक्षा १ ते ३ अंशांनी कमी असू शकतं. ते का उतरतं हे एकदा लक्षात आलं, की छपराला काच लावावी की प्लॅस्टिकचा कागद, कागद एकपदरी हवा की दुपदरी, आणि रात्री आतून पडदा ओढतात तो नेमका कशासाठी, हे सगळं एकाच सुताला धरून समजत जातं.

झाडाला आकाश दिसतंय का?

प्रत्येक वस्तू सतत किरणांच्या रूपात उष्णता बाहेर टाकत असते. भिंत, माती, पान, आपण स्वतः. ५ अंशांवरचं पान दर चौरस मीटरमागे सुमारे ३४० वॅट उष्णता अशी टाकत असतं. ती नुसतीच जात राहिली असती तर पान बघता बघता गोठलं असतं. पण समोर जे काही असेल तेही पानाकडे उष्णता पाठवत असतं. म्हणून खरा प्रश्न असा, की पानाच्या समोर काय आहे.

ढगाळ रात्री समोर ढगांचं पोट असतं. ते फारसं थंड नसतं, त्यामुळे दिलं-घेतलं जवळपास फिटतं. निरभ्र, कोरड्या रात्री समोर मोकळं आकाश असतं आणि ते उणे १५ अंशांच्या वस्तूसारखं वागू शकतं. त्याच्याकडून परत येतात सुमारे २५० वॅट. म्हणजे दर चौरस मीटरमागे ९० वॅटच्या आसपास तोटा, आणि तोही रात्रभर. भोवतीची हवा पानाला थोडी ऊब देत राहते, पण तेवढ्यानं तूट भरत नाही. पान हवेपेक्षा थंड होतं, त्यावर दव धरतं, आणखी थंड झालं की दवाचं हिम होतं.

आता छपराकडे वळू. उन्हाचे किरण आखूड लहरींचे, साधारण ०.३ ते ३ मायक्रॉनचे (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). पान आणि माती टाकतात ते लांब लहरींचे, १० मायक्रॉनच्या आगेमागे. काच पहिल्यांना आत सोडते आणि दुसऱ्यांना अडवते. साधा पॉलिथिनचा कागद मात्र दोघांनाही वाट देतो. आपल्या डोळ्यांना काच आणि कागद सारखेच पारदर्शक दिसतात. पण रात्रीच्या हिशेबात साध्या कागदाखालच्या पानाला थेट आकाश ‘दिसत’ असतं. छप्पर आहे, आणि नाहीही.

याचा एक विचित्र परिणाम अनेकांनी अनुभवलेला असतो. वारा पडलेल्या निरभ्र रात्री साध्या कागदाच्या, न तापवलेल्या टनेलमधली (कमानीवर कागद ताणलेल्या बोगद्यासारख्या हरितगृहातली) हवा बाहेरच्या हवेपेक्षाही थंड होते. बाहेर हवेची थोडी तरी ढवळाढवळ होऊन वरची उबदार हवा खाली येत असते. टनेलमध्ये तीही येत नाही; आतली उष्णता मात्र कागदातून आकाशात जातच राहते.

इथे एक जुना गैरसमज आडवा येतो. हरितगृह दिवसा तापतं ते काच लांब लहरी अडवते म्हणून, असं शाळेपासून ऐकलेलं असतं. १९०९ मध्ये रॉबर्ट वुड या भौतिकशास्त्रज्ञानं दोन पेट्या उन्हात ठेवून पाहिल्या, एकीला काचेचं झाकण, दुसरीला सैंधवाच्या स्फटिकाचं. सैंधव लांब लहरींना आरपार जाऊ देतं. तरीही दोन्ही पेट्या जवळजवळ सारख्याच तापल्या. म्हणजे दिवसाच्या उबेचं मुख्य कारण वेगळं आहे: तापलेली हवा वर निघून जाऊ शकत नाही. ते काम साधा कागदही चोख करतो. काच आणि कागद यांतला फरक उघडा पडतो तो सूर्य मावळल्यावर.

म्हणूनच बाजारात ‘थर्मल’ म्हणून विकला जाणारा कागद असतो. त्यात व्हिनाइल ॲसिटेट किंवा बारीक खनिज पूड मिसळलेली असते आणि ती लांब लहरींचा मोठा भाग अडवते. साध्या कागदातून निम्म्याहून अधिक निसटतात. चांगल्या थर्मल कागदातून साधारण पाव भाग. न तापवलेल्या हरितगृहात एवढ्यानंही फूल वाचतं.

पाणीसुद्धा लांब लहरींना अडवतं. कागदाच्या आतल्या बाजूला ओलाव्याचा थर धरला, तर साधा कागदही थोडाफार काचेसारखा वागू लागतो. पण तो ओलावा थेंबांच्या रूपात असेल तर सकाळी तेच थेंब कोवळं ऊन उलट फेकतात, आणि टपकतात ते नेमके फुलांवर. म्हणून कागदाला आतून अशी प्रक्रिया करतात की पाण्याचे थेंब न होता पातळ पापुद्रा पसरावा आणि तो उतारावरून बाजूला ओघळून जावा. ही प्रक्रिया कागदाच्या आयुष्याआधीच संपते. तिसऱ्या हिवाळ्यात छप्पर पुन्हा गळायला लागलं तर त्यात नवल नाही.

उबेची किंमत प्रकाशात

ऊब वाढवायचा सरळ उपाय म्हणजे दुसरा पदर. दोन कागदांमध्ये पंख्यानं हवा भरून ठेवायची, ती गादीसारखं काम करते. एकपदरी छपरातून, आत-बाहेर १ अंशाचा फरक असताना, दर चौरस मीटरमागे साधारण ६ वॅट उष्णता गळते. हवा भरलेल्या दुपदरीतून साधारण ४. एक तृतीयांश बचत म्हणजे काही थोडी नाही.

पण प्रत्येक पदर सुमारे दहा टक्के प्रकाश खातो, आणि हिवाळ्यात प्रकाशाचीच टंचाई असते. दिवसभरात झाडावर पडणारा उपयोगी प्रकाश ‘मोल’ या एककात मोजतात, जसा दिवसाचा पाऊस मिलिमीटरमध्ये. स्ट्रॉबेरीला दर चौरस मीटरला रोजचे १७ ते २० मोल मिळाले तर ती खूश असते. १२ च्या खाली गेलं की हात आखडता घेते. समजा, हिवाळ्यातल्या एखाद्या दिवशी बाहेर १५ मोल पडले. सांगाड्याची सावली, धूळ आणि एक कागद मिळून आत ७० टक्के पोहोचले, तर हाती येतात साडेदहा. दुसरा पदर चढवला की साडेनऊच्या खाली. म्हणजे आधीच अर्धपोटी असलेल्या झाडाच्या ताटातून आणखी एक घास गेला.

आणि नुसती ऊब देऊन हा घास भरून निघत नाही. उबेत झाडाची वाढ आणि श्वसन दोन्ही जोरात चालतात. प्रकाश कमी असेल तर त्या वाढीला लागणारी साखर येणार कुठून? देठ लांबतात, पानं पातळ आणि फिकी होतात, फळ मऊ आणि पाणचट निघतं. हिवाळी स्ट्रॉबेरीची गोडी मुळात येते ती सावकाश पिकण्यातून. फूल उमलल्यापासून फळ तोडणीला येईपर्यंत सरासरी २० अंशांत महिनाभर लागत असेल, तर १२ अंशांत दीड महिन्याहून जास्त. त्या जादा दिवसांत फळ भरतं. म्हणून रात्री ८ अंशांच्या आसपास राखलं तरी स्ट्रॉबेरीचं भागतं. टोमॅटोला एवढ्या थंडीत हुडहुडी भरते. स्ट्रॉबेरीचा वाढीचा कोंब जमिनीलगतच्या गड्ड्यात असतो. त्यामुळे सगळं घर तापवण्यापेक्षा गड्ड्याजवळून कोमट पाण्याची नळी फिरवणं अनेकदा जास्त शहाणपणाचं ठरतं. जपानमध्ये ही पद्धत चांगली रुळलेली आहे.

मग रात्री ऊब हवी आणि दिवसा प्रकाशही हवा, हे एकाच छपरातून कसं साधायचं? माझ्या मते साधायचा हट्टच धरू नये. दिवसाचं छप्पर वेगळं आणि रात्रीचं वेगळं, असा विचार केला की पडद्याचं महत्त्व कळतं.

आकडे मांडून पाहू. १,००० चौरस मीटरचं हरितगृह, छत आणि भिंती मिळून आच्छादन १,४०० चौरस मीटर. आत ८ अंश राखायचे, बाहेर शून्य. एकपदरी छपराला सुमारे ६७ किलोवॅट लागतात. १२ तासांच्या रात्रीत ८०० युनिट, म्हणजे जवळजवळ ८० लिटर डिझेलमधली ऊर्जा. कायमच्या दुपदरीत हेच सुमारे ५४ लिटरवर येतं. आणि एकपदरी छपराखाली ४० टक्के बचत करणारा पडदा ओढला तर ४८. दिवसा पडदा गुंडाळून ठेवला की त्याच्या गठ्ठ्याची सावली तीन ते पाच टक्के प्रकाश अडवते, एवढंच. हिवाळ्यातही लख्ख ऊन असणाऱ्या थंड प्रदेशात दुपदरी छप्पर खुशाल घ्यावं. जिथे आठवडा आठवडा मळभ असतं तिथे मी आधी पडद्याचा विचार करीन.

पडदा काय काय करतो

पडदा तीन कामं करतो. तापवायच्या हवेचं आकारमान कमी करतो. त्याच्या आणि छपराच्या मधे स्थिर हवेचा एक थर अडकवतो. आणि तिसरं काम आपल्या काळ्या डोळ्याशी थेट जोडलेलं आहे: पानाच्या समोरचं आकाश झाकतो. पडद्याचं तापमान आतल्या हवेच्या जवळपास असतं, त्यामुळे पान जेवढी उष्णता टाकतं तेवढी जवळजवळ परत मिळते. पान आणि हवा यांच्या तापमानातली दरी मिटते. तापमापकावर १ अंश दिसत असेल तर फूलही १ अंशाच्या आसपास असतं, आणि त्या तापमानाला ते जगतं. भट्टी लावलेलीच नसली तरी पडद्याचा हा फायदा मिळतोच.

पडद्यांचे प्रकार पुष्कळ. पारदर्शक पट्ट्यांचा पडदा कडक थंडीच्या दिवशी दिवसाही अर्धवट ओढून ठेवता येतो. ॲल्युमिनियमच्या पट्ट्यांचा चकाकता पडदा खास रात्रीसाठी असतो. चकाकता पृष्ठभाग स्वतः फार कमी उष्णता किरणांनी टाकतो, म्हणून वरच्या थंड छपराकडे होणारी गळती तो उत्तम रोखतो. मात्र अट एक: तो कोरडा हवा. त्यावर पाण्याचा पापुद्रा धरला की समोरच्याला चकाकी दिसत नाही, ओलं पाणी दिसतं, आणि पाणी उष्णता टाकण्यात भलतंच उदार असतं. ओलावा धरतो तो सहसा खालून, झाडांच्या बाजूनं. म्हणून चकाकती बाजू वर ठेवलेली बरी.

कोरियात कापूस, फोम आणि न विणलेल्या कापडाचे थर शिवून रजईसारखे जाड पडदे वापरतात. तिथलीच आणखी एक युक्ती मला फार आवडते. दोन पदरांच्या टनेलमध्ये आतल्या कागदावर रात्रभर विहिरीचं पाणी फवारायचं. जमिनीखालचं पाणी हिवाळ्यातही १५ अंशांच्या आसपास असतं. ते आतल्या कागदावरून पडद्यासारखं वाहत राहतं आणि झाडांना वर आकाशाऐवजी कोमट पाणी दिसतं. भट्टीशिवाय स्ट्रॉबेरी निघते. अर्थात भूजल मुबलक असेल तोवरच. चीनमधल्या उत्तरेला जाड भिंत असलेल्या हरितगृहांत पडदा आत नसतोच. संध्याकाळी छपरावर बाहेरून जाड गोधडी उलगडतात आणि सकाळी गुंडाळतात. दिवसभर तापलेली भिंत रात्री आत ऊब सोडते.

पडदा भारीतला घेतला आणि कडेला हाताच्या रुंदीएवढी फट राहिली, तर बरीचशी बचत त्या फटीतून जाते. फट धुराड्यासारखं काम करते. उबदार, दमट हवा वर चढते, थंड छपराला लागून तिचं पाणी होतं, ते पडद्यावर टपकतं, पडद्याला झोळ पडतो. पडद्याच्या कापडाच्या जातीवर तासभर चर्चा होते, आणि कडेची पट्टी नीट बसली आहे का ते कुणी पाहत नाही.

ओल: हवी तीही, नको तीही

पडदा ओढला की आतली आर्द्रता वाढते. लगेच राखाडी बुरशीची, म्हणजे बोट्रायटिसची भीती वाटते, आणि ती रास्त आहे. गळणाऱ्या पाकळीवर ती शिरते, तिथून फळात. पण तिला रुजायला हवी असते फुला-फळावरची ओल, तासनतास टिकणारी. दमट हवा वेगळी आणि ओलं फूल वेगळं. पान हवेपेक्षा थंड असेल तर बेताच्या आर्द्रतेतही त्यावर दव पडतं. पडद्याखाली पान हवेच्या तापमानाला असतं, म्हणून हवा बऱ्यापैकी दमट असूनही ते कोरडं राहू शकतं. उलट पडद्याविना, हवा कोरडी दिसत असतानाही, आकाशाकडे तोंड करून बसलेली पानं ओलीचिंब होतात.

शिवाय रात्रीची थोडी दमट हवा स्ट्रॉबेरीला हवीच असते. कोवळ्या, न उलगडलेल्या पानांना कॅल्शियम पोहोचतं ते बहुतांशी रात्री, मुळांच्या दाबानं. हवा कोरडी असेल तर पाणी मोठ्या पानांतूनच उडून जातं आणि कोवळ्या पानांची टोकं करपतात. सकाळी पानांच्या दातेरी कडांवर मण्यांसारखे थेंब ओळीनं बसलेले दिसले, तर तो दाब नीट काम करतोय अशी खूण समजावी. हे थेंब आतून आलेले असतात. बाहेरून पडलेल्या दवाशी त्यांची गल्लत करू नये. सूर्य वर आला की मात्र थोडी वायुवीजनाची फट उघडून ही सगळी ओल बाहेर काढावी लागते.

भुरीचं, म्हणजे पानांवर पांढरी पूड धरणाऱ्या बुरशीचं, गणित पुन्हा वेगळं. तिला साचलेलं पाणी नको असतं, दमट हवा पुरते. तिच्यासाठी गंधकाची धुरी देणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावं: कागदाला उन्हापासून जपणारी जी रसायनं त्यात मिसळलेली असतात, त्यांना गंधक निकामी करतं. अनेक हिवाळे टिकायचा कागद मग आधीच तडकतो.

मधमाशीला काय दिसतं

वाकडं, एका बाजूनं दबलेलं फळ आलं की खताकडे बोट दाखवायची सवय असते. पुष्कळदा दोष परागीभवनाचा असतो. स्ट्रॉबेरीवरचे पिवळे दाणे हीच तिची खरी फळं. प्रत्येक दाणा आपल्याभोवतीचा गर फुगवणारं संप्रेरक सोडतो. १९५० मध्ये वनस्पतिशास्त्रज्ञ जाँ निच यांनी कोवळ्या फळावरचे दाणे काढून हे दाखवून दिलं: जिथला दाणा काढला तिथला गर वाढलाच नाही. दाणा फळला नाही तरी तेच होतं.

परागीभवन मधमाशीवर अवलंबून, आणि मधमाशी साधारण १० ते १२ अंशांखाली पेटीतून फारशी निघत नाही. गुंजमाशी (बंबलबी) त्याहून थंड हवेतही काम करते. पण तापमान जमलं तरी कागद आडवा येऊ शकतो. मधमाशीला अतिनील किरण दिसतात, आणि त्यांच्या आधारानं ती दिशा व फूल शोधते. काही कागद अतिनील किरण पूर्ण अडवतात. त्याचा फायदाही असतो: पांढरी माशी आणि फुलकिडे कमी येतात, काही बुरशींची बीजाणू तयार करण्याची क्षमता घटते. पण मधमाशी चाचपडते, छपराशी घुटमळत राहते. मधमाश्यांवर भिस्त असलेल्या पिकाला असा कागद घेताना दहादा विचार करावा.

ओढायचा कधी, उघडायचा कधी

संध्याकाळी पडदा सूर्यास्ताच्या सुमारास ओढतात, जमीन दिवसाची ऊब धरून असतानाच. रात्री नऊला आठवण झाली तर मधल्या काळात माती बरंच देऊन बसलेली असते.

सकाळचं काम जास्त नाजूक. पडद्यावरची हवा रात्रभर छपराला लागून गारठलेली असते. पडदा एकदम सरकवला की ती जड हवा धप्पकन झाडांवर कोसळते. आधी अगदी बारीक फट उघडून अर्धा तास वरची-खालची हवा मिसळू द्यावी, मग पडदा पूर्ण गुंडाळावा. फार वेळ थांबूनही चालत नाही, कारण हिवाळ्यातला सकाळचा तास म्हणजे दिवसाच्या प्रकाशाचा मोठा हिस्सा. घट्ट बंद घरात झाडं कार्बन डायऑक्साइड भराभर संपवतात आणि त्याचं प्रमाण बाहेरच्या सुमारे ४२० पीपीएमच्याही (दहा लाख भागांत ४२० भाग) खाली जातं. म्हणजे ऊन आहे, ऊब आहे, पण कच्चा माल नाही. बाहेर थंडी असली तरी थोडी हवा आत घ्यावी लागते, नाहीतर तो वायू बाहेरून पुरवावा लागतो.

आणि बर्फ पडायला लागला तर सगळं उलटं करायचं. पडदा जितका चांगला, तितकं वरचं छप्पर थंड. बर्फ वितळत नाही, साचत जातो, आणि त्याच्या वजनानं सांगाडा वाकतो. म्हणून बर्फवृष्टीच्या रात्री पडदा उघडून भट्टीची ऊब मुद्दाम छपराला लागू देतात. त्या रात्री आकाश ढगांनी भरलेलं असतं, त्यामुळे उघड्या पडद्याखालीही फुलांचा किरणांवाटे फारसा तोटा होत नाही. ढग सरले आणि चांदण्या दिसू लागल्या, की उठून पडदा परत ओढायचा.